दोन कोंबे एका खुराड्यात? खाऱ्या पाण्याच्या टाकीत रंगीत ‘रॅस’ नर सांभाळताना

पेडणे : “दोन कोंबे एका खुराड्यात रवतत काय रे?” माझ्या आतेने टाकीसमोर उभं राहून विचारलं होतं. तिच्या लेखी मासा म्हणजे बांगडा, इसवण, सुंगटां. काचेआड पोहणारा मासा तिने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट निरखला असेल. पण पाच मिनिटांत तिने जे ओळखलं, ते मला दुकानात उभं राहून दोन मासे निवडताना सुचलं नव्हतं. दोन्ही नर, दोन्ही एकाच जातीचे, दोन्ही लालभडक. “जोडी छान दिसेल” एवढाच माझा हिशोब. तिसऱ्या दिवशी सकाळी जोडीतला एक सोफ्यामागे सापडला, वाळवलेल्या बोंबलासारखा.

आपल्या भागात गोड्या पाण्याच्या टाक्या पुष्कळ घरांत दिसतात. गप्पी, गोल्डफिश, फायटर. फायटरचे दोन नर एकत्र सोडायचे नाहीत हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे मात्र थोडे, त्यामुळे अनुभवही कमी आणि चुका महाग. त्यात रॅस हा मासा दिसायला एवढा देखणा की हात आवरत नाही. म्हणून हे थोडं सविस्तर.

रॅस हे एका माशाचं नाव नाही. पाचशेहून जास्त जातींचं हे मोठं कुळ आहे. दोन मीटरच्या वर वाढणारा नेपोलियन रॅस यातलाच आणि बोटाएवढा, दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारा क्लीनर रॅसही यातलाच. आपल्या किनाऱ्यावरही हे कुळ आहे. वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडला किंवा मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीला पाण्याखाली गेलेल्यांनी निळा-हिरवा, चंद्रकोरीसारख्या पिवळ्या शेपटीचा मून रॅस पाहिला असेल. तो मात्र घरच्या टाकीसाठी नव्हे. मोठा होतो आणि बारीकसारीक सोबत्यांना शिल्लक ठेवत नाही. टाकीत शोभतात ते प्रामुख्याने दोन गट, फेअरी रॅस आणि फ्लॅशर रॅस. बहुतेक इंडोनेशिया, फिलिपिन्स, श्रीलंका, मालदीवच्या समुद्रातले. यातल्या एका गुलाबी फेअरी रॅसला 2022 साली ‘फिनिफेन्मा’ हे शास्त्रीय नाव मिळालं. मालदीवच्या धिवेही भाषेत त्याचा अर्थ गुलाब, आणि नाव देणाऱ्यांत मालदीवचाच एक संशोधक होता. पकडला आपल्या शेजारच्या समुद्रात, नाव त्याच समुद्राच्या भाषेतलं. हे क्वचितच होतं.

आता मुख्य मुद्दा. फेअरी आणि फ्लॅशर रॅसमध्ये पिल्लू आधी मादी होतं. नर जन्मत नाही, घडतो. समुद्रात एका थोराड नराभोवती माद्यांचा घोळका असतो. नर गेला की घोळक्यातली सगळ्यात दांडगी मादी त्याची जागा घेते. ही नुसती वागण्यातली बदली नसते; अंडाशय जाऊन वृषण तयार होतं, रंग बदलतो, पर लांबतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर रॉबर्टसन या शास्त्रज्ञाने क्लीनर रॅसवर हा अभ्यास केला आणि 1972 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. नर काढून घेतल्यावर काही तासांतच मोठी मादी नरासारखी दादागिरी करू लागली आणि दोन-अडीच आठवड्यांत ती खरोखरच नर झालेली होती. नर जिवंत असेपर्यंत मात्र त्याच्या धाकाने माद्या मादीच राहतात.

म्हणजे ज्या रंगासाठी आपण पैसे मोजतो तो रंग म्हणजे त्या माशाची जागा, खुर्चीच म्हणा ना. बघायला मादी आहे, नाहीतर समोर उभा ठाकायला दुसरा नर आहे, तोवर तो रंग टिकतो. टाकीत एकटाच ठेवलेला नर महिन्यांमागून महिने फिकट होत जातो असा पाळणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. त्यामुळे वेगवेगळ्या जातींचे नर एकत्र ठेवण्यामागे नुसती हौस नाही. संध्याकाळी टाकीतला उजेड उतरू लागला की एकेक जण पर उभारून, अंगावरच्या निळ्या रेषा पेटवून दुसऱ्यासमोरून सर्रकन निघून जातो. ती खुन्नस असते, पण तेवढ्यावर भागते. भागलं पाहिजे, हीच सगळी कसरत.

एकाच जातीचे दोन नर ठेवू नका. चार फुटी टाकी असो की सहा फुटी, एका जागेचे दोन दावेदार झाले की कमजोर मासा खडकाआड लपतो, खायला बाहेर येत नाही आणि आठवड्याभरात खंगतो, किंवा उडी मारतो. जाती वेगळ्या असल्या तरी दिसायला सारख्या असतील तर तोच प्रकार. लाल पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा एक असेल तर दुसरा पिवळा-जांभळा शोधा.

दुकानात लहान, फिकट मादी स्वस्त मिळते आणि बरेच जण तिला नाकारतात. मला आता उलट वाटतं. तीन-चार वेगवेगळ्या जातींची एकेक लहान मादी एकाच दिवशी सोडली, तर आपल्या जातीचा नर समोर नसल्यामुळे त्यातल्या बऱ्याच जणी सावकाश नर होतात, आणि एकमेकांना बघत मोठ्या झालेल्या असल्याने मारामारी कमी. वेळ लागतो, महिने जातात. शिवाय प्रत्येक मादी बदलेलच असं नाही. पण तयार नर आणून टाकीत ओतण्यापेक्षा हे स्वस्त आणि माशांच्या जिवावर न येणारं आहे. उलटा प्रवास, म्हणजे नराची पुन्हा मादी होणं, क्लीनर रॅससारख्या काही जातींत प्रयोगांत दिसलं आहे, पण “भांडले तर एक मादी होईल” या भरवशावर राहू नका.

तयार नरच आणायचे असतील तर क्रम महत्त्वाचा. सगळ्यात गरीब स्वभावाचा आधी, दांडगा शेवटी. फ्लॅशर रॅस आकाराने लहान आणि मवाळ, म्हणून तो पहिला. त्यामागून शांत फेअरी. स्कॉट्स फेअरीसारखे आडदांड सगळ्यांत मागून. आणि सहा रेघांचा सिक्सलाइन रॅस या मेळाव्यात नकोच. मासा छोटा, पण टाकी स्वतःच्या नावावर असल्यासारखा वागतो, मागून आलेल्या कोणालाही जगू देत नाही.

नवा मासा आला की त्याला थेट सोडू नये. भोकं पाडलेला पारदर्शक ॲक्रिलिकचा डबा टाकीतच आतून लटकवायचा आणि पाहुण्याला चार-पाच दिवस त्यात ठेवायचं. जुने नर येऊन काचेवर धडका देतात, पर फुलवतात, मग कंटाळतात. त्यांनी दुर्लक्ष करायला सुरुवात केली की सोडायचं, तेही दिवे मालवल्यावर. तरीही एखादा ऐकत नसेल तर टाकीच्या बाहेरून आरसा टेकवून ठेवा. तो स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मी दाढीचा आरसा वापरला. घरात त्यावरून वेगळं भांडण झालं ते सोडा.

झाकणाबद्दल जेवढं सांगावं तेवढं कमी. रॅस उडी मारतो. पाठलाग झाला की मारतो, दिवा एकदम बंद झाला की मारतो. काचेच्या झाकणाने हवा कोंडते आणि पाणी तापतं, म्हणून पाव इंच भोकाची जाळी चौकटीत ताणून बसवायची, वायर-पाइपांच्या कोपऱ्यांसकट. माझा मासा त्या कोपऱ्यातूनच गेला होता.

इथून पुढे आपल्या हवामानाचा प्रश्न. पाणी 25-26 अंशांवर हवं आणि एप्रिल-मेमध्ये डिचोलीतली बंद खोली तीस-बत्तिशीच्या खाली येत नाही. चिलरशिवाय ही टाकी उभी करूच नये असं माझं मत आहे. पावसात वीज गेली तर चिलर थांबला तरी चालेल, पण पाणी हलवणारा पंप आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर हवेत. मासे आधी गुदमरतात, तापतात नंतर. “केरीला जाऊन दोन कॅन समुद्राचं पाणी आणलं की झालं” असं सांगणारेही भेटतात. केरीला तेरेखोल नदी मिळते, मोरजीला शापोरा. पावसाळ्यात दोन्ही मुखांशी पाणी गढूळ आणि अर्धं गोडं असतं, आणि टाकीला लागतं लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षाराचं. विकतचं सागरी मीठ आरओच्या पाण्यात विरघळवावं. नळाचं पाणी तिळारीच्या कालव्याचं असो की आणखी कुठलं, त्यातलं क्लोरिन माशांना चालत नाही.

खाणं थोडं-थोडं, दिवसातून दोन-तीनदा. हे मासे समुद्रात दिवसभर वाहत्या पाण्यातले बारीक जीव टिपत असतात. एकदाच भरपूर घातलं तर दांडगा पोट भरतो आणि बाकीचे उपाशी. गोठवलेले आर्टेमिया, मायसिस मिळाले तर उत्तम. नाहीतर ताजी सुंगटां सोलून, धुऊन, अगदी बारीक चिरून. सुकं गालमो नको, त्यात मीठ असतं. भुकेल्या टाकीत मारामारी दुप्पट होते, हे घरच्या पंगतीइतकंच खरं.

आणि टाकी सजवण्यासाठी प्रवाळ आणायचं मनात असेल तर थांबा. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून घोषित आहे. तिथून खडकाचा तुकडा उचलून आणणं म्हणजे गंमत नव्हे, गुन्हा. “सगळेच ठेवतात” या उत्तराला वनखात्यासमोर किंमत नाही. रॅसना प्रवाळच हवं असंही नाही. लपायला फटी, रात्री टेकायला कोपरा आणि पोहायला मोकळी जागा एवढं त्यांना पुरतं. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक हे काम करतात. फेअरी रॅस रात्री अशा फटीत शिरून अंगाभोवती चिकट पारदर्शक पडद्याचा कोश विणून झोपतो. सकाळी तो फाटका पडदा तरंगताना दिसला की नवखा माणूस घाबरतो. घाबरू नका, गादी आहे ती.

माझ्याकडे सध्या चार फुटी टाकीत तीन नर आहेत, तीन वेगळ्या जातींचे, वर्षभरापासून. चौथा आठ दिवसांपूर्वी आणला. पहिला फ्लॅशर अजून दर संध्याकाळी येऊन त्याच्या डब्याला एक धडक देऊन जातो, म्हणून त्याला अद्याप सोडलेलं नाही. आते परवा येऊन बघून गेली. म्हणाली, “ह्याका अजून बंदच ठेव.”