पहिले शस्त्र निवडताना

गेल्या दसऱ्याच्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी सोने द्यायला घरी आला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात त्याची वडिलोपार्जित सराफी पेढी आहे. नमस्कार करून तो म्हणाला, "सर, परवाना मिळाला. आता रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल, ते तुम्ही सांगा." शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेची तुकडी मी अनेक वर्षे सांभाळली. त्याने .२२ची रायफल प्रथम हाती धरली ती माझ्याच देखरेखीखाली. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

आमच्या चंबळच्या मुलखात अशा प्रश्नाचे कुणाला नवल वाटत नाही. येथे खांद्यावरची बंदूक हे प्रतिष्ठेचे लक्षण समजले जाते. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात, नसबंदी करून घेणाऱ्यास बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना प्रशासनाने काढली होती. त्यावरून ही हौस केवढी असेल हे वाचकांनी ताडावे. परंतु हौसेने घेतलेले शस्त्र निराळे आणि गरजेने घेतलेले निराळे. हा फरक निवडीच्या वेळीच ध्यानात घ्यावा लागतो.

निवडीचे क्षेत्र बरेचसे कायद्यानेच आखून दिले आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. २०१६च्या नियमांनी शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आणि घरी ते सुरक्षित ठेवण्याची सोय यांची जोड दिली. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच शस्त्रे ठेवता येतात व परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. ९ मि.मी. आणि .३८ ही मापे निषिद्ध वर्गात मोडतात. त्यामुळे सामान्य नागरिकाच्या वाट्याला बहुधा .३२चेच रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल येते.

आता या दोहोंपैकी कोणते? नवख्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे माझे मत आहे. त्याचे फिरते चक्र बाजूस काढले की सहाही घरे डोळ्यांना दिसतात. भरलेले आहे की रिकामे, हा संशय उरत नाही. एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे घर नळीसमोर येते. पिस्तूल चपटे असते, लपवायला सोयीचे असते. परंतु त्याचा वरचा सरकता भाग मागे खेचण्यास मनगटात बळ लागते. शिवाय मुठीतला काडतुसांचा खण बाहेर काढला तरी नळीच्या तोंडाशी एक काडतूस राहून गेलेले असू शकते. "खण काढला, म्हणजे पिस्तूल रिकामे झाले" या समजुतीने अनेक अपघात घडले आहेत.

दुसरा प्रश्न वजनाचा. २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून 'निर्भीक' नावाचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पर्समध्ये मावणारे म्हणून त्याची वाखाणणी झाली. परंतु शस्त्र जितके हलके, तितका बार उडताना हाताला बसणारा धक्का अधिक. आणि नळी जितकी आखूड, तितका नेम साधणे कठीण. हा धक्का सोसवेना की माणूस सराव टाळू लागतो. म्हणून किंमत किंवा चकाकी यांपेक्षा मूठ आपल्या पंजात नीट बसते की नाही आणि हात न हलवता चाप पूर्ण ओढता येतो की नाही, हेच दुकानात पाहावे. अर्थात विक्रेत्याकडून शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून घेऊन आणि स्वतःही ती करून.

सरावावाचून शस्त्र म्हणजे केवळ ओझे. काडतुसे महाग असतात आणि वर्षाला किती घ्यायची, याचेही बंधन परवान्यात असते. यावर उपाय म्हणजे रायफल क्लबात जाऊन ४.५ मि.मी.च्या हवाई पिस्तुलावर हात बसवणे. दहा मीटरवरील लक्ष्य, श्वासाचे नियंत्रण, चापावर हळूहळू वाढवीत नेलेला दाब, हे सारे तेथे अल्प खर्चात शिकता येते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. त्यामागेही असाच वर्षानुवर्षांचा सराव आहे.

विद्यार्थ्याने हे सारे मन लावून ऐकले. मग मी विचारले, "घरी शस्त्र ठेवणार कोठे?" तो सहज म्हणाला, "गादीखाली, सर. रात्री हाताशी असावे." त्याची धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे.

त्या वेळी मी त्याला जे सांगितले ते आजवर फारसे कुणाला सांगितलेले नव्हते. मी दहा वर्षांचा असताना आमच्या वडिलांची बारा बोअरची बंदूक दाराआड उभी असे. एका दुपारी ती रिकामी समजून मी धाकट्या भावावर नेम धरण्याचा खेळ मांडला. तेवढ्यात आईने हाक मारली, मी वळलो आणि बार उडाला. छताचा गिलावा आम्हा दोघांच्या अंगावर कोसळला. भाऊ वाचला तो केवळ त्या हाकेमुळे. वडिलांनी मला मारले नाही. ते भिंतीशी खाली बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

म्हणून लोखंडी कपाट आधी, शस्त्र मागाहून. काडतुसे वेगळ्या कुलुपात, किल्ली स्वतःजवळ. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे मानावे, नळी कुणाकडेही रोखू नये आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. लग्नाच्या वरातीत आनंदाने बार काढणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, २०१९पासून बेपर्वा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा अधिकार दिला आहे. परंतु तोही बचावास आवश्यक तेवढ्याच बळाचा.

खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. पूजा म्हणजे हळदकुंकू आणि फूल एवढेच नव्हे. ज्याची पूजा करायची त्याचा धाक बाळगणे, हेही तिच्यात येते.

विद्यार्थी गेला. आठ दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला, "सर, कपाट भिंतीत बसवून घेतले. क्लबातही नाव घातले. रिव्हॉल्व्हर मात्र अजून घेतलेले नाही." मी म्हटले, "क्रम अगदी बरोबर आहे."