ओरडा वरून येतो, सुई खाली लागते
लेखमाला : कामाची जागा – लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण रुग्णांच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीबद्दल बोललो. मार्च २०१७ मध्ये धुळ्यातल्या डॉक्टरवर हल्ला झाला, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोचला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही (मेडिकल) महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान आले. पण दारावरचा जवान नातेवाइकाला अडवेल; वॉर्डाच्या आत रोज होणारी वागणूक त्याच्या कक्षेत येत नाही. आजचा विषय ती वागणूक आहे.

रुग्णालयात अपमान उताराच्या पाण्यासारखा वाहतो. राउंडला प्राध्यापक वरिष्ठ निवासी डॉक्टरला सर्वांदेखत झापतात, तो कनिष्ठावर खेकसतो, कनिष्ठ सिस्टरवर, सिस्टर सफाई करणाऱ्या मावशीवर. मावशीच्या खाली कोणी नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाची चर्चा झाली खरी, पण ती डॉक्टरांपाशीच थांबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्यावर खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला. गदारोळ अधिष्ठात्यांच्या मानहानीवरून झाला. शिक्षा म्हणून दिलेलं ते काम काही माणसं रोज पोटासाठी करतात, हे मात्र फारसं कोणी बोललं नाही.

या अपमानाचा कामावरच्या इजेशी संबंध कुठे? इस्राएलमधल्या संशोधकांनी नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांना एका बनावट आजारी बाळावर उपचार करायला सांगितले. काही पथकांना परदेशी ‘तज्ज्ञा’ने आधी सौम्य टोमणे मारले, बाकीच्यांशी तो नीट बोलला. टोमणे ऐकलेल्यांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. एकमेकांना माहिती देणं आणि एकमेकांची मदत घेणं त्यांच्यात कमी झालं होतं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. टोमणे सौम्य होते, हे लक्षात ठेवा. आपल्याकडचा राउंड त्यांनी ऐकलेला नाही. त्याच सुमारास बोस्टनच्या रुग्णालयांतल्या पाहणीत, ज्यांच्यावर ओरडलं जातं त्या कर्मचाऱ्यांत कामावरच्या इजाही जास्त आढळल्या.

झापलेला माणूस घाई करतो. सुईला पुन्हा टोपण लावायला जातो, किंवा ती कटरमध्ये न घालता ट्रेमध्ये, नाहीतर कचऱ्याच्या पिशवीत टाकून मोकळा होतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे धारदार वस्तू न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यातच जायला हव्यात. पिशवीत गेलेली सुई उचलताना मावशीच्या बोटात घुसते. चूक एकाची, रक्त दुसऱ्याचं.

इथून पुढे घड्याळ चालू होतं. बाधित रुग्णाच्या रक्ताची सुई लागली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र शंभरात सहा ते तीस. भीती सगळी एचआयव्हीची आणि लसीचा डोस अर्धवट, असा आपला उलटा कारभार. एचआयव्हीविरोधी औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर फारसा उपयोग नाही. ते २८ दिवस घ्यायचं असतं.

आणि हे तास ओरडा खातो. ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ हे ऐकायला लागणार, ठेकेदारापर्यंत गेलं तर उद्या बोलावणं येईल की नाही कोण जाणे, म्हणून मावशी बोट नळाखाली धरते आणि गप्प राहते. ज्या वॉर्डात वर्षभर एकही सुई लागल्याची नोंद नाही, तो वॉर्ड सुरक्षित आहे असं मी मानत नाही; तिथे बोलायची सोय नाही, एवढंच मला त्यातून कळतं. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तपासणी आणि अपघाताची नोंद, हे सगळं याच कचरा नियमांत लिहिलेलं आहे, आणि कंत्राटी कामगार त्यातून वगळलेला नाही. त्यामुळे इन्चार्ज सिस्टरांनी आणि डॉक्टरांनी ‘कशी लागली?’ नंतर विचारावं. आधी ‘कधी लागली?’ विचारावं.

हा लेख वाचणाऱ्या मावशी, मामा, सिस्टर, ब्रदर, इंटर्न यांना विनंती : सुई लागली तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, तोंडात घालू नका. ड्युटी संपायची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जा, कोणत्या रुग्णाची सुई होती ते सांगा आणि वेळेसकट नोंद करून घ्या. हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले नसतील, तर ते याच आठवड्यात मागा.