अवयव न सापडताही संयुक्त (लेखांक ११)

२ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला, की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये या धर्तीच्या मूळ संख्यांची यादी छापली. तिच्यात २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घातांक होते. २५७ पर्यंतची यादी एवढीच, असा त्याचा दावा होता. प्रत्यक्षात ६७ आणि २५७ तिच्यात नाहक शिरले आणि ६१, ८९, १०७ राहून गेले.

घातांक संयुक्त असेल तर ही वजाबाकी संयुक्तच निघते. घातांक मूळ असला तरी हमी मात्र नसते : २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. या दोन्ही अवयवांना २२ ने, म्हणजे घातांकाच्या दुपटीने भागले तर बाकी १ उरते. हा योगायोग नव्हे. २ सोडून कोणत्याही मूळ घातांकाला हा नियम लागू पडतो. शिवाय अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते. ६७ साठी भाजक १३४ होतो. एकवीस अंकी संख्येचे वर्गमूळ १२ अब्जांच्या थोडे पुढे जाते, आणि तिथपर्यंत दोन्ही चाळण्या लावूनही सुमारे साडेचार कोटी उमेदवार उरतात. कागद-पेन्सिलीने एवढे भागाकार करणे अशक्यच.

एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये भागाकाराची वाटच सोडली. त्याच्या कसोटीला पुढे लेमरने सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे आणि उत्तराला तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकातून २ वजा करून जितके येतील तितक्या वेळा हे केल्यावर शून्य उरले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ चा घातांक ७, म्हणून पाच फेऱ्या : १४, ६७, ४२, १११, ०. संख्या मूळ ठरली. २०४७ साठी नवव्या फेरीअखेर १७३६ उरतात. संख्या संयुक्त, पण १७३६ कडे कितीही निरखून पाहिले तरी २३ चा सुगावा लागत नाही. खरी मेख इथेच आहे. ६७ घातांकाची संख्या संयुक्त असल्याचे लुकाने दाखवले, अवयव मात्र त्याच्याही हाती लागले नाहीत. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मांडलेली कसोटीही असाच निवाडा देते, तोही कोणत्याही संख्येबद्दल.

अवयव मिळाले ते २७ वर्षांनी. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. फळ्यावर गुणाकार करून, एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले, ही कथा पुढे एरिक टेंपल बेल यांनी रंगवून सांगितली. ती थोड्या सावधपणेच घ्यावी. कोल यांची पद्धत वर्गांच्या बाक्यांवरून उमेदवार बाद करत जाण्याची होती.

नियमांचा पडताळा घेता येतो. दोन्ही अवयवांतून १ वजा करून १३४ ने भागले, तर १४,४५,५८० आणि ५,६८,५३,६०,१२९ असे पूर्ण भागाकार येतात. ८ ने भागल्यास पहिल्याची बाकी १, दुसऱ्याची ७. दोन्ही चाळण्यांतून उरलेले उमेदवार चढत्या क्रमाने मांडले, तर लहान अवयव ७,२२,७९० वा ठरतो.

दोन्ही अवयव मूळ आहेत, म्हणून या संख्येला १ आणि ती स्वतः धरून चारच विभाजक आहेत. मर्सेनचे म्हणणे खरे असते, तर युक्लिडच्या प्रमेयानुसार तिला २ च्या ६६ व्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळाली असती, म्हणजे स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेली. आता ही बेरीज गुणाकारापेक्षा जास्त भरते. जादा रक्कम म्हणजे मूळची एकवीस अंकी संख्या गुणिले ७,६२,०३,१९,६५,००८, आणि हा गुणक कोल यांच्या दोन अवयवांची बेरीज आहे.