अजिंठ्याच्या भिंतीवर इटलीचे हात

मुलांनो, जळगावहून अजिंठा लेणी जेमतेम ६० किलोमीटर. सकाळी एसटीने निघालं की संध्याकाळी घरी! सोमवार तेवढा टाळा, लेणी बंद असतात. फर्दापूरजवळच्या फाट्यावर उतरून तिथल्या बसने वर जायचं.

गाईड जरूर घ्या. नाहीतर पहिल्या लेण्यात पद्मपाणी समोर असूनही काळपट भिंतच दिसते! तो काळपटपणा कसला, हेही त्याला विचारा. १९२० मध्ये निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी या तज्ज्ञाला बोलावलं. त्याने सुटलेले रंगाचे पोपडे भिंतीला पुन्हा पक्के बसवले, म्हणून तर चित्रं वाचली. पण वरून दिलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं, काळपट पडलं. पुरातत्त्व खात्याला ते फार जपून काढावं लागलं.

आत फ्लॅश चालत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. हळूहळू पद्मपाणीच्या हातातलं कमळ दिसू लागतं.