साखर सांभाळणारे ताट
लेखांक 5 : आधी उसळ, मग भाकरी

मागच्या लेखात उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर यांतला फरक पाहिला. या आठवड्यात ताटाकडे वळू.

खोपटच्या एसटी आगारातून पहाटे गाडी घेऊन निघणाऱ्या चालकाला किंवा वाहकाला पथ्याचा वेगळा डबा सांगून फारसा उपयोग नाही. घरात सगळ्यांसाठी शिजते तेच डब्यात येते: भात, आमटी, चपाती, भाजी. आगरी-कोळी घरात तांदळाची भाकरी आणि कालवण. हे जेवण सोडायची गरज नाही. ते कोणत्या क्रमाने आणि किती खायचे, एवढे मात्र ठरवायला हवे.

भात, चपाती, भाकरी यांतल्या पिष्टाचे पोटात ग्लुकोज होते. रिकाम्या पोटी आधी भात गेला की हे ग्लुकोज रक्तात भराभर उतरते. त्याआधी कोशिंबीर, पालेभाजी, मटकीची उसळ किंवा मासळी पोटात गेली, तर तंतू आणि प्रथिनांमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि साखर हळूहळू चढते. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात 2015 साली मधुमेह असलेल्या 11 जणांवर हे तपासले गेले. भाज्या आणि प्रथिने आधी, पाव आणि संत्र्याचा रस नंतर दिला, तेव्हा तासाभराने मोजलेली साखर उलट क्रमापेक्षा सुमारे 37 टक्क्यांनी कमी भरली. अभ्यास लहान आहे, पण घरच्या घरी करून पाहण्याजोगा आहे.

क्रमाइतकेच प्रमाण महत्त्वाचे. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ, डाळ, अंडे किंवा मासळीचे आणि उरलेले पाव भात-भाकरीचे. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगली, पण तिच्यातही पिष्ट आहेच. मधुमेहाला चालते म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. चहाचाही हिशेब ठेवा. सपाट चमचाभर साखर सुमारे 4 ग्रॅम. दोन चमच्यांचे चार चहा झाले की 32 ग्रॅम.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला. चालताना पायांचे स्नायू रक्तातले ग्लुकोज वापरतात. आपल्याकडची शतपावली म्हणूनच मोलाची.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवण टाळू नका आणि भात-भाकरी एकदम कमी करू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ताटातला बदल आधी डॉक्टरांना सांगा.

घरी ग्लुकोमीटर असेल, तर एक दिवस नेहमीसारखे जेवा. दुसऱ्या दिवशी तेच पदार्थ, तेवढेच, पण क्रम बदलून खा. दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजा. मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी ती 180 च्या आत असावी. दोन्ही आकडे वहीत लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा.

पुढील लेखात : उपवासाचा साबुदाणा आणि वरी.