तारेवरची काजळी

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : “शोधकात तर नुसता वायू असतो. तो ताजा भरत राहिलं की झालं! मग वायुशोधक म्हातारा कसा होतो?”

वायू बदलता येतो. तार बदलता येत नाही. सगळी गोम इथे आहे.

जॉर्ज शार्पाक यांनी १९६८ मध्ये बहुतारी शोधक बनवला. त्यासाठी त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं. तत्त्व सोपं आहे. विद्युतभारित कण वायूतून जाताना इलेक्ट्रॉन सुटे करतो. ते तारेकडे धावतात. तार केसाहून बारीक असल्यामुळे तिच्याजवळ विद्युतक्षेत्र फार तीव्र होतं आणि एका इलेक्ट्रॉनचे हजारो होतात. हा लोंढाच आपला संकेत.

पण या लोंढ्यात रेणूही फुटतात. वायूत गोंदाची किंवा तेलाची नाममात्र वाफ असली, तरी तिचे तुकडे जुळून तारेवर पुट चढतं. कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसं. क्षेत्र मंदावतं, संकेत क्षीण होतो.

सर्नमधल्या एलएचसीबी प्रयोगात नेमकं हेच घडलं. तिथे सुमारे ५४ हजार नळ्या होत्या. प्रत्येकीचा आतला व्यास ४.९ मिलिमीटर आणि मधोमध २५ मायक्रॉनची, सोन्याचा मुलामा दिलेली तार. विकासाच्या काळातल्या चाचण्या पार पडल्या होत्या. पण तयार झालेल्या नळ्यांवर मध्यम तीव्रतेचा किरणोत्सर्गी स्रोत धरला, तेव्हा संकेत घटू लागला. गंमत म्हणजे नुकसान झालं ते वायू ज्या बाजूने येतो तिकडे. स्रोतापलीकडे, म्हणजे वायू ज्या बाजूला वाहत जातो तिथे, तार शाबूत होती!

का? लोंढ्यात ओझोन तयार होत होता. तो वायूबरोबर पुढे वाहत जाई आणि पुढच्या तारेवर पुट धरू देत नसे. गुन्हेगार निघाला नळ्या जोडणारा गोंद. त्यातून वाफ झिरपत होती.

नळ्या उघडणं तर शक्य नव्हतं. म्हणून त्या गरम केल्या, त्यांतून वायू सतत वाहता ठेवला आणि मिश्रणात १.५ टक्का ऑक्सिजन घातला. ऑक्सिजन एरवी शत्रूच, कारण तो इलेक्ट्रॉन गिळतो. पण इथे तारेपर्यंतचं अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणून तो परवडला. मोठ्या शोधकात, जिथे इलेक्ट्रॉनना मीटरभर वाट चालायची असते, तिथे हाच उपाय घात करेल.

हा शोधक २०१८ पर्यंत चालला.

मला यातला धडा महत्त्वाचा वाटतो. दहा वर्षांचा मारा दहा दिवसांत देऊन केलेली चाचणी फसवू शकते, कारण घाईत रसायनच बदलतं. म्हणून चाचणी सावकाश करावी, आणि तीही प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या गोंदासकट, नळ्यांसकट. बंद पेटीत शिरणारी प्रत्येक वस्तू हा शोधकाचाच भाग असतो.

भेटू पुढच्या भागात.