पोटगीचा हिशेब आता शपथेवर

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात मी वकिली करते. नवा अशील आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, म्युच्युअल केलं तर सहा महिन्यांत मोकळं होता येईल ना?" हे सहा महिने लोकांच्या डोक्यात पक्के बसलेत. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचा घटस्फोट 1976 मध्ये आला. अर्जाआधी वर्षभर वेगळं राहायचं, अर्जानंतर सहा महिने थांबायचं, असा तो नियम. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं, की हे सहा महिने माफ करता येतात. मात्र नवरा-बायको अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत, समेटाचे प्रयत्न थकलेले असले पाहिजेत आणि पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा हे सगळं मिटलेलं असलं पाहिजे. भांडी-दागिन्यांची यादी अजून वादात असेल, तर ही माफी मागून उपयोग नाही.

माझ्या मते खरा बदल मात्र पोटगीत झालाय. पूर्वी अंतरिम पोटगीच्या अर्जावर दोन्ही बाजूंनी नुसती बडबड चालायची. ती म्हणायची, त्याला लाखभर पगार आहे. तो म्हणायचा, नोकरीच सुटलीय. पुरावा दोघांकडेही नसायचा आणि तारखा पडत राहायच्या. हे ज्या खटल्यामुळे बदललं तो आपल्या नागपूरचा. रजनेश विरुद्ध नेहा. बायकोने 2013 मध्ये अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला महिना 15 हजार आणि मुलाला वेगळी रक्कम मंजूर केली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला तो 4 नोव्हेंबर 2020 रोजी. 'अंतरिम' म्हणवल्या जाणाऱ्या रकमेला सात वर्षं!

त्या निकालाने देशभरासाठी एक नमुना घालून दिला. आता नवरा आणि बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यायचं. सोबत तीन वर्षांची बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. शेतकऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे, त्यात जमीन, पिकं, गुरं सगळं येतं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून द्यायची, त्यामुळे तारखा लांबवून पैसे वाचवायचा धंदा बराच बसला.

शपथपत्र काय करतं ते सांगते. एका प्रकरणात समोरच्या नवऱ्याने लिहिलं होतं, 'खासगी नोकरी, महिना 18 हजार'. शेजारीच त्याचं बँक स्टेटमेंट जोडलेलं. त्यात दर महिन्याच्या पाच तारखेला गाडीचा 14 हजारांचा हप्ता जात होता. मी त्या नोंदींभोवती पेन्सिलीने गोल केले आणि कागद वर दिला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत एवढंच विचारलं, "उरलेल्या चार हजारांत घरभाडं भरता की जेवता?" त्याचे वकील पुढची तारीख मागू लागले, ती मिळाली नाही. बायकाही काही कमी नसतात. 'उत्पन्न नाही' असं लिहिणाऱ्या एकीच्या खात्यात शिकवणीची फी दर महिन्याला यूपीआयने जमा होत होती. ती माझीच अशील होती. तिला मी शपथपत्र दाखल होण्याआधीच ते दुरुस्त करायला लावलं. खोटं शपथपत्र अंगाशी येतं.

अजून अडतं ते वसुलीत. हुकूम हातात येतो, पैसे येत नाहीत. मग वसुली अर्ज, वॉरंट, पगारातून कपात. फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125 कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 व्या कलमात गेलंय, पण अट तीच राहिली: थकलेली रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायचा. 'देईल हो आज ना उद्या' म्हणत दोन-तीन वर्षं काढणाऱ्या बाया इथे फसतात.

पडद्यावरची सुनावणी कोविडनंतर अंगवळणी पडली. नवरा न्यू जर्सीत आणि बायको चिंचवडला, अशा जोडप्यांचं तिकिटाचं भाडं त्यामुळे वाचतं. मोबाइलचा पुरावाही वाढलाय. नवरा-बायकोतलं संभाषण गुपचूप ध्वनिमुद्रित केलेलं असलं तरी वैवाहिक खटल्यात ते पुरावा म्हणून पाहता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं. तेव्हापासून अशील पेनड्राइव्हची पिशवीच घेऊन येतात. त्यातलं बरंचसं निव्वळ शिवीगाळ असते आणि खटल्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

1984 चा कौटुंबिक न्यायालय कायदा मुळात समेटासाठी झाला. त्यात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, न्यायालयाच्या परवानगीने आम्ही उभे राहतो. विवाह समुपदेशकाची खोली आधी आणि आमचा युक्तिवाद नंतर, हा क्रम मला योग्यच वाटतो. कारण मुलांचा प्रश्न कुठल्याच शपथपत्रात मावत नाही. न्यायालयातल्या भेटीच्या खोलीत सहा वर्षांचं पोर खेळण्याकडे ढुंकून न पाहता दाराकडे बघत बसतं. आई बाहेर उभी असते, बाप आत चॉकलेट पुढे करत असतो. त्या तासाभरात कोण जिंकतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी दोन गोष्टी आधी करायला सांगते. तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा आणि कर्जाचे कागद फायलीला लावा. आणि गणपतीत मूल कुणाकडे, दिवाळीत कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, हे दोघं बसून एका कागदावर लिहा, खाली सह्या करा. एवढं जमलं तर वकिलाकडे या. माझी फी कमी होईल, पण तुमच्या बऱ्याच तारखा वाचतील.